साल्याचा कूलर

मी वस्तू घेत नाही. मी भाव बघतो.

गेल्या उन्हाळ्यात रायपूरच्या तेलीबांध्यातल्या आमच्या फ्लॅटमधला कूलर बंद पडला, आणि शनिवारी अमरावतीहून सासूबाई यायच्या होत्या. सुनंदाने बायकोच्या अधिकाराने फर्मान काढलं, "आपल्या बबनच्या दुकानातून कूलर आणा, अन् विषय मिटवा."

बबन म्हणजे तिचा धाकटा भाऊ. इथेच, भनपुरीला त्याचं कूलरचं दुकान आहे. पण साल्याशी घासाघीस करता येत नाही. "घरचाच मामला आहे, भाऊजी," म्हणतो आणि भावच सांगत नाही! (घासाघीस नसलेली खरेदी म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी परतणं.)

"बाजारभाव तं पाहू दे," मी म्हणालो.

"पाहा. आई घामानं निथळली, की तिले सांगा, तुमच्यासाठीच भाव पाहून राहिलो."

मला एक साइट सापडली होती. एका कूलरपुढे नऊ दुकानांचे भाव ओळीने मांडलेले! मी चार दिवस त्या ओळीवर नजर ठेवून बसलो. ऑफिसात फायलीखाली मोबाईल, जेवताना ताटाशेजारी मोबाईल. शुक्रवारी सर्वांत कमी भाव दिसला रायपूरच्याच कुठल्या तरी एंटरप्रायझेसचा. खाली फोन नंबर होता. मी लगेच लावला.

"भैया, स्टैंड फ्री देंगे ना?"

"स्टैंड का अलग लगेगा, सर."

"देखिए, मेरा साला भी कूलर बेचता है. उससे ले लूँगा."

"तो उनसे क्यों नहीं ले रहे, सर?"

त्याने इतक्या आपुलकीने विचारलं की मी मोकळा झालो. "अरे, एक नंबर का लुटेरा है. रिश्तेदारी के नाम पर भाव ही नहीं बताता."

"और?"

"और उसके कूलर में हवा कम, आवाज ज्यादा. बिल्कुल उसके जैसा."

मग पलीकडून आवाज आला, "हव, ठीक है. स्टैंड फ्री, सर. कल पहुँच जाएगा."

मी विजयी मुद्रेने फोन ठेवला.

शनिवारी सासूबाई रिक्षातून उतरून पाणी पीत होत्या, तेवढ्यात बेल वाजली. दारात नवा कोरा कूलर, आणि त्यामागे घामाघूम बबन!

सुनंदाचा चेहरा फुलला. "म्हणजे बबनकडूनच घेतला तुम्ही?"

अजून निभावता आलं असतं. मी घसा साफ करून म्हणालो, "घरचा माणूस असताना बाहेर काहून जायचं?"

बबनने कूलर खाली ठेवला आणि अदबीने विचारलं, "सर, फ्री वाला स्टैंड कहाँ रखूँ?"

माझ्या पायाखालची फरशी गरम झाली. रायपुरात आम्ही मराठी माणसं उंबरठा ओलांडला की हिंदी बोलतो. बावीस वर्षं साल्याशी मराठीत बोललो. हिंदीतला बबन मी कधी ऐकलाच नव्हता, आणि साइटवरचं ते एंटरप्रायझेस त्याच्याच दुकानाचं नवं नाव आणि नवा नंबर, हेही मला ठाऊक नव्हतं. त्याने मात्र माझा नंबर पहिल्या रिंगलाच ओळखला होता.

"जावयाशी हिंदीत काहून बोलून राहिला रे?" सासूबाईंनी विचारलं.

"हिंदीतच खरं बोलतात ते, आई," बबन म्हणाला, आणि मग त्याने सगळं संभाषण माझ्या आवाजात करून दाखवलं. 'लुटेरा' हा शब्द सुनंदाने दुसऱ्यांदा म्हणायला लावला.

सासूबाई महिनाभर राहिल्या. रोज दुपारी त्या कूलरसमोर बसून आपला मुलगा आणि हा जावई शेजारी शेजारी मांडत. त्यांना साइट लागली नाही, मोबाईलही लागला नाही.

त्या ओळीत सर्वांत स्वस्त नग मीच निघालो.