प्रभुभोजनाचा पाव

थळच्या बाजूला आमची ख्रिस्ती मंडळी होती, एका ओसरीत मावेल एवढी. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होई आणि त्याचा पाव मंडळीतल्याच कुणीतरी घरी भाजायचा, अशी रीत होती. मास्तरांची बायको म्हणून ते काम माझ्याकडे आलं. लोक सत्याग्रहाचं मीठ उचलायला किनाऱ्यावर जमू लागले, त्याच्या आदल्या वर्षापर्यंत ते माझ्याकडेच राहिलं.

माझा पाव खायचा सोडा घालून केलेला. मध्ये बसलेला, कडेला करपलेला. पण प्रभूच्या मेजावरच्या पावाला नावं कोण ठेवणार? सगळे गप्प राहतात ते भक्तीमुळे, असं मी धरून चालले होते.

त्या आदल्या वर्षी मी हिवतापाने पडले आणि पाळकांनी पावाचं काम एका कोळणीला सांगितलं. ती नुकतीच बाप्तिस्मा घेऊन आमच्यात आली होती. पूर्वी मुंबईत एका पाववाल्याच्या घरी राबलेली, त्यामुळे पीठ फुगवायला ती माडाची ताजी माडी घाली. पाव इतका हलका झाला की एका म्हाताऱ्याने भर उपासनेत "वा!" म्हटलं. आमच्या मास्तरांनी हे मला घरी येऊन मोठ्या हौसेने सांगितलं.

अंगात ताकद येताच मी पाळकांचं घर गाठलं. दारूला शिवणार नाही अशी शपथ आमच्या मंडळीने घेतलेली, आणि प्रभूच्या मेजावर माडीचा पाव? भट्टीत माडीतल्या नशेचा अंशही उरत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण नाचता येईना, तर निदान अंगण अपवित्र ठरवावं! पाळक भिडस्त. त्यांनी तिला काम थांबवायला सांगितलं. ती "बरा" म्हणाली आणि पुढच्या रविवारपासून उपासनेला दिसेनाशी झाली.

महिना उलटत आला तेव्हा पाळकांनी सांगितलं, ज्यांच्या मनात कुणाविषयी अढी असेल त्यांनी आधी समेट करावा, मगच मेजाशी यावं. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी खरंच घाबरले. एका जिवाची देवाकडची वाट मी अडवली होती, आणि तिने क्षमा केल्याशिवाय मला प्रभुभोजन घेता येणार नव्हतं.

शनिवारी मुद्दाम जुनं लुगडं नेसून मी कोळीवाड्यात गेले. वाटेत माफीचे शब्द दोनदा घोळवले. दुसऱ्यांदा माझं मलाच रडू आलं. ती बोंबील वाळत घालत होती, आसपास चार बायका होत्या. मी हात जोडले, सगळं कबूल केलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी काढलं.

ती बघतच राहिली. "तुमच्यामुलं? न्हाय गो बाय! बोंबलाचा हंगाम हाय, मना येल कवा मिलनार? आनि पावाचा काय, मी इसरले पन." मग माझ्या हातात बोंबलांची पाटी देऊन म्हणाली, "आलाव तं जरा धरा, कावलं लय झालेत."

मी पाटी धरली. आणि मला राग आला, असा की कानशिलं तापली. एवढी मोठी माझी चूक, एवढा माझा पश्चात्ताप, आणि तिच्या लेखी दोन्हींची किंमत कावळ्याहून कमी! घरी येईपर्यंत तो राग गेला नाही. दाराशी पाय धुताना कळलं, की माझ्यातली जी मोठेपणाची हौस माडीबद्दल चहाडी करायला गेली होती, तीच आज माफी मागायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. असल्या मनाने ते घेऊ नये म्हणून पावाचं ताट पुढे आल्यावर मी मान खाली घालून ते तसंच पुढे दिलं. शेजारची बाई माझ्याकडे आदराने पाहत राहिली, आणि मला ते फार बरं वाटलं.