टँकरच्या तक्रारीतली सहा नावं

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. उस्मानपुऱ्यातल्या एका लहानशा संस्थेत मी नोकरीला होते. गावोगाव जाऊन बायकांना पाण्याचं विचारायचं आणि ऑफिसात येऊन ते कॉम्प्युटरवर उतरवायचं, हे माझं काम.

चिकलठाण्याच्या पुढं एक वस्ती होती. तिथल्या सहा बायकांनी मला सांगितलं, की त्यांच्या नावावर निघालेला टँकर वाटेतच फ्लॅटच्या बांधकामावर अर्धा रिकामा होतो. त्यांच्यातली थोरली मावशी आधीच म्हणाली होती, "बाई, नाव नको लिहू. लई वंगाळ मान्सं हायेत ती."

"मावशी, नावं माझ्यापाशीच राहतील," मी म्हणाले. आणि नावं लिहिली. नावाशिवाय तक्रारीला वजन येत नाही, असं आमच्या साहेबांचं म्हणणं.

फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडीच पडलेली. कोणीही यावं, वाचावं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, याची आजही चीड येते.

महिन्याभरानं वस्तीवर गेले, तर टँकर यायचाच बंद झाला होता. ड्रायव्हरनं शाळेसमोर उभं राहून कागदावरून सहाही नावं मोठ्यानं वाचली होती. मावशी जागची उठली नाही. "तू तर म्हनली व्हतीस, नाव कुठं जानार नाय."

परत आल्या आल्या मी साहेबांना विचारलं. ते शांतपणे चहा पीत होते. "टँकरचे ठेकेदार आले होते. रिपोर्ट मागितला, दिला पेनड्राइव्हवर. आपलं काम पारदर्शक असतं."

"बायका पाण्यावाचून बसल्यात, सर!"

"आवाज खाली," ते म्हणाले.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात माझी कॉलेजातली मैत्रीण कॉम्प्युटर सांभाळायची. तिला म्हटलं, फोल्डर लपवून ठेवते. ती हसली. "लपवणं म्हणजे नुसता पडदा गं, कोणीबी सारेल. एन्क्रिप्ट कर. मग फाइल चोरली तरी हाती गिचमिडच येईल. लेकिन पासवर्ड भूली तो तू भी गई."

तिनं शेजारी बसून शिकवलं. सगळ्या गावांतली नावं मी एका वेगळ्या फाइलमध्ये काढली, ती कुलूपबंद केली आणि जुन्या प्रती पुसल्या. रिपोर्टमध्ये फक्त 'एक बाई', 'दुसरी बाई'. पेनड्राइव्हवर गेलेलं मात्र परत येणार नव्हतं.

आठवड्यात साहेबांनी पासवर्ड मागितला. "ऑफिसची मालमत्ता आहे ती."

"कॉम्प्युटर ऑफिसचा. नावं त्या बायकांची."

"नोकरी करायची आहे ना?"

मी पासवर्ड दिला नाही. त्या महिनाअखेर मला कामावरून काढलं. माझ्या जागी घेतलेल्या नव्या मुलीला पहिलं काम मिळालं ते माझ्याविरुद्ध पत्र टाइप करायचं.

बायका रिकाम्या घागरी घेऊन तहसीलवर जाऊन बसल्या. मीही गेले. तिसऱ्या दिवशी टँकर सुरू झाला, पुन्हा अर्धाच. मावशी तीनही दिवस माझ्या शेजारी बसली, भाकरीही पुढं केली, पण एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.