रंगरावची उडी

माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही, आणि त्याचाच मला पगार मिळतो. ठाण्यात विम्याच्या ऑफिसात मी क्लेम तपासते. पाय मोडलाय म्हणणारा माणूस टेंभी नाक्याच्या दहीहंडीच्या व्हिडिओत नाचताना सापडला, की त्या दिवशी मला जेवण गोड लागतं. माहेर डोंबिवलीचं. लग्न होऊन आंबिवलीजवळच्या गावात आले, तर पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी आयता क्लेम पुढ्यात ठेवला.

"कृतिका, तू काळदरी पायलेलास ना? त्यातली रंगरावची उडी माजी हाय."

आता काळदरी कोणी पाहिलेला नाही? माझ्या पिढीतली पोरं त्या तीन सिनेमांवर वाढली. खजिना शोधणारा रंगराव संकट आलं की तोंडाला लाल फडकं बांधायचा आणि कड्यावरून थेट नदीत उडी टाकायचा. आमच्या सोसायटीत पोरं आईची ओढणी तोंडाला बांधून पाण्याच्या टाकीवरून उड्या मारायची. एकाचा दात पडलेला. ती उडी म्हणे माझ्या सासऱ्यांची!

सासरे म्हणजे परशुराम. गावचे जुने शेतकरी. शेतावर आता सात मजली बिल्डिंग उभी आहे आणि खाली त्यांचे दोन गाळे. त्यांचं म्हणणं असं, की तरुणपणी ते शहाडच्या पुलावरून उल्हास नदीत सूर मारायचे. सिनेमावाल्यांनी पाहिलं, हिरोला पोहता येत नव्हतं, म्हणून फडकं यांच्या तोंडाला बांधलं. एकच उडी, पण तिन्ही सिनेमांत तीच फिरवून फिरवून लावली.

तोंड झाकलेलं, म्हणजे ओळख पटायचा प्रश्नच नाही. किती सोयीचं! बरं, हा माणूस घरातला बल्ब बदलायला स्टुलावर चढत नाही. गणपती विसर्जनाला गुडघ्याच्या वर पाण्यात उतरत नाही. मी नवऱ्याला, प्रितमला, म्हटलं, "तुझे बाबा थापा मारतात." तो म्हणाला, "अगं मारू दे ना, तुझं काय जातंय?" माझं काय जातंय! उद्या आमची लेक समृद्धी शाळेत सांगत फिरेल आणि पोरं तिची टर उडवतील.

मग या वर्षी बातमी आली, काळदरीचा चौथा भाग येतोय. पंचवीस वर्षांनी! तोच हिरो, साठी उलटलेला. आणि एका दुपारी बाबा अंगणात येऊन म्हणाले, "फोन आलेला पिच्चरवाल्यांचा. माजी जुनी उडी परत घेतायत."

फोन कोणी ऐकला? कोणी नाही. नंबर? "लँडलाइन वाटतो," म्हणे. मी हसले नाही, एवढीच काय ती माझी सभ्यता.

पण आमच्या गावाला हसण्याआधी फ्लेक्स लावायची सवय. कुत्र्याचा वाढदिवस असला तरी नाक्यावर फ्लेक्स लागतो इथे. प्रितमच्या दोस्ताने, बंटीने, दुसऱ्याच दिवशी छापून आणला. बाबा काळ्या गॉगलमध्ये, गळ्यात प्रितमची सोन्याची चेन. वर मोठ्या अक्षरांत 'रंगरावचा खरा रंगराव, परशुरामशेठ!' आणि खाली शुभेच्छुकांची तीस-पस्तीस तोंडं. सिनेमा कोणी बघितलेला नाही, उडी आहे की नाही माहीत नाही, फ्लेक्स मात्र तयार. मी म्हटलं, "अरे, आधी बघा तरी!" बंटी म्हणाला, "वहिनी, तुम्ही ना लय निगेटिव्ह."

पहिल्या दिवशी कल्याणच्या थिएटरात गेलो. गाड्या भरभरून सगळं गाव आलेलं. फ्लेक्ससुद्धा आणला आणि दारात बांबूला बांधला. बाबांनी पांढरा झब्बा घातलेला. सासूबाई, आवडाबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून शेजारी बसल्या.

आणि काय तो सिनेमा! अरे देवा. ज्या रंगरावने नदीकाठी कोळशावर मासे भाजून गाववाल्यांना भरवलेले, तो आता लॅपटॉपसमोर बसून खजिना शोधत होता. पोट आवळलेलं, चेहरा इस्त्री केल्यासारखा. मधेच परदेशात गाणं. सुरुवातीला शिट्ट्या मारणारी आमची पोरं इंटरव्हलनंतर मोबाइल बघत बसली. मला खरंच राग आला. आमचं लहानपण होतं ते, असं कशाला विकायचं?

मग रंगरावला जुने दिवस आठवतात असा सीन आला. तोच कडा, तीच नदी. बाबा खुर्चीत पुढे सरकले. कड्यावर तो पाठमोरा उभा राहिला आणि उडी मारायला वळला.

तोंडावर फडकं नव्हतं.

कॉम्प्युटरने फडकं पुसून तिथे हिरोचं तोंड बसवलेलं. तरुण, गोरंगोमटं, हसरं. त्या तोंडाने हवेत गिरकी घेतली आणि पाण्यात सूर मारला.

थिएटरात कुजबुज सुरू झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "हिरोनेच मारलेली की रे! पशाशेठने एवढी वर्षं उल्लू बनवला आपल्याला." दुसरा फस्सकन हसला.

सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. "कोन बोलला रं? तोंड त्याचा असंल. पाठ माज्या नवऱ्याची हाय! पान्यात आपटून आलेला तवा म्हैनाभर तेल मी चोललंय त्या पाठीला. हिरोची बायको आलेली काय चोलाला?"

लोक आणखी हसले. "काकी, बसा, पिच्चर दिसत नाय!" सासूबाई बसल्या. पडद्यावर पुढे काय झालं कोण जाणे, मी बाबांकडेच बघत होते.

माझं डोकं मात्र ऑफिससारखं चालायला लागलं. ही उडी ट्रेलरमध्ये नव्हती, मी चुका काढायला तो चार-पाच वेळा बघितलेला. कुठल्या बातमीत नव्हती. मग जुनी उडी परत घेतायत हे बाबांना अंगणात बसून कळलं कसं? कोणीतरी फोन केला असणार. आणि सिनेमावाले आंबिवलीच्या एका म्हाताऱ्याला उगाच कशाला फोन करतील? माझ्या हातात आलेला क्लेम खरा होता, आणि सगळ्या गावासमोर तो खोटा ठरत होता.

बाहेर आलो तर बंटी फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत होता.

"हात लावू नकोस," मी ओरडले. फोनचं, ट्रेलरचं, सगळं त्याला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बरोबर आहे वहिनी. पण तोंड दिसलं ना. आता कोणाकोणाला सांगणार?" मग पुन्हा दोरीला हात घालत म्हणाला, "आणि थापा मारतात म्हणून तुम्हीच बोलायच्या ना?"



बाबा जवळ आले. "सोड रं," ते बंटीला म्हणाले. "फाडू नको पन. पावसाल्यात गोठ्याच्या छपरावर टाकाला व्हईल." दोरी सुटली, फ्लेक्स खाली आला. बंटी तो गुंडाळायला लागला तसे बाबा माझ्याकडे वळले. आवाज इतका खाली, की मला पुढे वाकावं लागलं.

"सूनबाय, तू समदा तपासून बघतंस. तो हिरो हसत व्हता, पायलास ना? मना तर हसल्याचा आठवत नाय. भ्यालेलो मी. मारलेली ना गो मी उडी?"

"मारलीत, बाबा. तुम्हीच मारलीत."

"नक्की?"

"नक्की."

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मी क्लेम घेऊन आलेल्या माणसाकडे बघते ना, अगदी तसे.