पेन्सिलीनं लिहिलेली वेळ

दुपारचं जेवण अंगावर आलंय. मांडीवर माझी पत्रिका आहे, माझ्या ज्योतिषी वडिलांच्या, तात्यांच्या हातची. सगळी शाईत, फक्त जन्मवेळ पेन्सिलीनं. लग्नासाठी मंगळ लपवायला तात्यांनी ती बदलली, असं सासरचे म्हणायचे. लग्न मोडल्यावर मीही म्हणू लागले. डोळे मिटतात, तर समोरच्या खुर्चीत तात्या. जाऊन त्यांना अकरा वर्षं झालीत.

"हे काय नवीन मांडलंयस?" ते माझ्या वहीवर बोट ठेवतात.

"कायरन. छोटा ग्रह आहे. ग्रीक पुराणात तो अर्धा माणूस, अर्धा घोडा. जगाला बरं करायचा, स्वतःची जखम भरेना. पन्नास वर्षांनी जन्मावेळच्या जागी परत येतो. माझा आलाय."

"नवग्रह पुरेनात म्हणून घोडी आणलीस होय, वैजू?"

"चेष्टा नको. तो कुठल्या घरात पडतो ते जन्मवेळेवर ठरतं. खरी वेळ सांगा."

तात्या उठून चालू लागतात. आम्ही मिरजेच्या एसटी स्टँडवर आहोत. मी मागून ओरडते, "तात्या, वेळ!" ते गाड्यांच्या पाट्या वाचत राहतात. जिवंतपणीही हेच. गावातल्या पोरांच्या वेळा मिनिटासकट पाठ आणि माझी विचारली की पानाचा डबा उघडायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान! संतापानं मला रडू फुटतं.

फलाटाच्या टोकाला प्रसूतिगृह आहे. भिंतीवर घड्याळ, त्याच्याकडे पाठ करून तात्या उभे. नर्सच्या हातात निळी पडलेली पोर.

"तू रडेनास," ते म्हणतात. "मी घड्याळ बघितलंच नाही गं."

"मग सात अठ्ठावीस कुठून आणलं?"

"अंदाजानं. ज्योतिषाचीच स्वतःच्या पोरीची वेळ हुकली, हे कुठल्या तोंडानं सांगू? खात्री नसलेलं मी शाईत लिहीत नाही."

"अहो, पण मला तरी सांगायचं! इतकी वर्षं मी तुम्हाला खोटारडे म्हणत आले."

"ऐकत होतो की." ते खिशातून खोडरबर काढून माझ्या हातावर ठेवतात. "पूस आता."

घड्याळ त्यांच्या डोक्यावरच आहे. पण काटे बघायचे तर तात्यांवरची नजर काढावी लागेल, आणि ते मला जमत नाही.

जाग येते तेव्हा खाली भाजीवाला ओरडतोय. खुर्ची रिकामी. पत्रिकेवर वेळेची जागा कोरी आहे आणि माझ्या अंगठ्याला खोडरबराचा काळा चुरा चिकटलाय. माझ्या घरात खोडरबर नाही.