केळीच्या घरातला वास

मी धुळ्याला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि माझा आवाज शेजारच्या दोन वर्गांत ऐकू जातो असं लोक म्हणतात. म्हणू देत. प्रयोगशाळेत पोरं बाटलीत नाक खुपसायला लागली की ओरडावंच लागतं. वास घ्यायचा तो दुरून, हाताने हवा आपल्याकडे ओढून. अ‍ॅसिटोनच्या बाटलीवर तर त्यांची फार उडी, कारण वास ओळखीचा, नेलपॉलिश पुसायच्या पाण्याचा. गोडसर, पण नाकात जरा चावणारा. कीटोन म्हणजे काय ते सांगताना मी आधी ही बाटली फिरवते. अ‍ॅसिटोन हा त्या कुटुंबातला सगळ्यात धाकटा.

माझं माहेर रावेरकडे, केळीच्या पट्ट्यात. धाकटा भाऊ शेती बघतो. भावजयीचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही. ती मला पाठीमागे मास्तरीण म्हणते, तेही मला ऐकू येईल अशा बेताने. मीही काही गरीब गाय नाही, तिच्या भाजीत मीठ कमी असलं तर सांगून मोकळी होते.

त्या मे महिन्यात सुट्टीला गेले तेव्हा त्यांची लेक, माझी भाची, जळगावहून परीक्षा संपवून घरी आलेली होती. पोर पार वाळली होती. अभ्यास आणि मेसचं जेवण, दुसरं काय, असं भावजय म्हणाली. पाणी तांब्यामागून तांब्या पीत होती, पण आमच्याकडच्या उन्हात कोण पीत नाही? सकाळपासून दोनदा उलटी झाली होती, पोट दुखत होतं. ऊन लागलं असं सगळ्यांनी ठरवलं आणि उपाय सुरू केले. उसाचा रस, भरपूर साखर घातलेलं लिंबाचं सरबत, आणि ताकद यावी म्हणून कुस्करलेलं पिकं केळं. सगळं मायेनेच चाललं होतं.

पडवीत घरच्यासाठी दोन घड पिकायला टांगलेले होते. घरभर तो वास, अंगावरच्या कपड्यांनाही. केळीच्या घरात पोरीच्या तोंडाला फळासारखा वास आला तर कोण दचकणार? सगळे त्या वासात नांदत होते. मी चार तास बसमध्ये धुरळा खाऊन आले होते, म्हणून माझं नाक शाबूत.

मी तिच्या उशाशी वाकले. विहिरीपासून पळत आल्यासारखा तिचा श्वास चालला होता, खोल आणि भराभर. "आत्या," एवढंच म्हणाली ती, आणि तो वास आला. मी पोरांना जे करू देत नाही तेच केलं. नाक थेट तिच्या तोंडाशी नेलं. केळ्याचा गोडवा नाकात चावत नाही. हा चावला. हा माझ्या अ‍ॅसिटोनच्या बाटलीतला वास होता.

तिच्या तोंडाला येतोय तो केळ्याचा वास नाही, पोरीला आत्ता दवाखान्यात न्यायचं, असं मी माझ्या त्या आवाजात सांगितलं. भावजयीला ते फार लागलं. घरात केळी पिकतायत ते मला दिसत नाही का, असं तिने विचारलं. ऊन उतरल्यावर नेऊ, आत्ता जरा डोळा लागू दे, असंही म्हणाली. त्या उन्हात आजारी पोरीला बाहेर काढायला कोणती आई तयार होईल? मी भावाकडे वळले.

"संध्याकाळी नाही. आत्ता. नाहीतर पोर हातची जाईल."

तो दोन प्रश्न विचारू शकला असता. एकही विचारला नाही. खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. त्या एका गोष्टीसाठी मी त्याच्या लहानपणापासूनच्या सगळ्या खोड्या माफ केल्या आहेत.

गाडीत पोरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. काय झालंय असं भावाने पुलाजवळ विचारलं तेव्हा त्याला समजेल असं सांगितलं. कोठी धान्याने भरलेली आहे, पण किल्ली हरवली आहे. रक्तात साखर मावत नाही, पण इन्सुलिन नाही म्हणून ती आत पेशीत जात नाही. मग उपाशी शरीर चरबी जाळत सुटतं, त्यातून कीटोन तयार होतात, आणि ते साचले की रक्त आंबट होतं. पुढचं मी सांगितलं नाही. पलीकडे पोरीचे पाय मांडीवर घेऊन भावजय पदर तोंडात धरून बसली होती.

जळगावच्या डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं. सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर पोर शुद्धीवर राहिली नसती, असं ते भावाला म्हणाले. पोर वाचली. मला देवाचे आभार मानता येतात, डॉक्टरांचे येतात, पण मी त्या अ‍ॅसिटोनचेही मानले. त्याची भावंडं रक्त आंबट करत बसली होती, हा एकटा श्वासातून बाहेर पडून सांगत सुटला.

पोर घरी आली. भावजय तिला सकाळी दारातच उभी करायची आणि आधी तोंडाचा वास घ्यायची, मग इन्सुलिन, मग जेवण. पोर चिडायची, की आई, साखर मोजायचं मशीन आहे ना त्याला. भावजय म्हणायची, मशीन बी बघू, हे बी बघू.

मी धुळ्याला निघाले त्या दिवशी एकादशी होती. मी निरंकार करते, दशमीच्या जेवणानंतर पोटात काही नाही. दुपारची बस. दारात भावजयीने वाकून नमस्कार केला, उठली, आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून नाक तोंडाशी आणलं. मी मागे सरकले तर सोडेना.

"अक्का, तुमच्याबी तोंडाले येऊ राह्यला तो वास. थोडा येतोच. जेवल्याबिगर जाऊ देनार नही."

आता काय सांगू हिला? उपास केला की कीटोन प्रत्येकाच्याच अंगात होतात, थोडे. इन्सुलिनची किल्ली जागेवर असली की त्यांचं काही भय नसतं, उलट उपाशी मेंदूला तेच पोसतात. सगळं मला येतं, वर्षानुवर्षं शिकवते. तोंड उघडलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं. तिने पाट मांडला, ताट वाढलं, आणि माझा पहिला घास पोटात जाईपर्यंत समोरून हलली नाही. जन्मात एकादशी मोडली नव्हती मी. त्या दिवशी भाकरीवर भाकरी मागून घेतली.