गांगुर्डे साहेब आणि फिंगर

गांगुर्डे साहेब सकाळी कॉम्प्युटर विभागात आले की चपला दाराबाहेर काढायचे आणि बसण्याआधी, उभ्याउभ्याच, टर्मिनलवर एक शब्द टाइप करायचे: फिंगर. पडद्यावर नावांच्या ओळी उमटायच्या. कोण कुठल्या टर्मिनलवर आहे, कधी आलंय, कळफलकाला त्याचा हात लागून किती वेळ झालाय, असं सगळं. आमच्या सातपूरच्या कारखान्यातले लोक तर दिसायचेच, शिवाय तारेनं जोडलेल्या अंबडच्या कारखान्यातलेही दिसायचे. "बघू द्या, घरात कोण कोण आलंय," असं म्हणत साहेब ती यादी वाचायचे. चहा त्यानंतर.

हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटचं सांगतेय. या आज्ञेच्या नावावरून आमच्याकडे जे विनोद झाले, ते सोडून देते.

साहेब विभागाचे प्रमुख. पिंपळगाव बसवंतहून रोज एसटीनं यायचे. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि बोलणं पुस्तकासारखं. पण राग आला किंवा माया दाटून आली की पिंपळगाव बाहेर पडायचं. फिंगरपुढे एखाद्याचं नाव टाइप केलं की त्या माणसानं स्वतःबद्दल लिहून ठेवलेला मजकूर दिसे. तो प्रत्येकानं लिहिलाच पाहिजे, असा साहेबांचा हट्ट. "हाक मारल्यावर ओ नाय आली तर जिवाला घोर लागतो. कुठं चाललो ते सांगून जावं माणसानं." मग आमचे हिशेबनीस इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, 'वणीला देवीला जातोय, सोमवारी येईन.' अंबडच्या एका इंजिनिअरनं एकदा नुसतंच लिहिलं, 'मुलगी झाली.' साहेबांनी ते वाचलं आणि आम्हाला सगळ्यांना जिलबी आणवली. त्या इंजिनिअरला आमच्यापैकी कुणीही कधी पाहिलेलं नव्हतं.

टर्मिनलं कमी, माणसं जास्त. एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात तसे लोक लॉगिन करून खुशाल कँटीनला जायचे. साहेबांना पडद्यावर ते दिसायचं. ते कँटीनच्या दारात जाऊन म्हणायचे, "रुमाल उचला राव, लोक उभे आहेत." तक्रार वर कधी गेली नाही.

मी तिथे लागले ती प्रोबेशनवर. वडील गेलेले, आई शिवणकाम करायची आणि घर माझ्या पगारावर चालायचं. नोकरी कायम होणं एवढं एकच माझ्या डोक्यात असे. साहेबांनी मला कामाची एक रीत लावली: "आधी कागदावर, मग काचेवर." प्रोग्राम आधी पूर्ण कागदावर लिहायचा, पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ तपासायची आणि मगच टाइप करायचा. मध्येच काही बघावं लागे म्हणून टर्मिनल उघडंच असायचं, पण तास तास त्याला माझा हात लागत नसे.

अशात नवे मॅनेजर आले. पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तशा कौतुकानं साहेबांनी त्यांना फिंगर दाखवला. मॅनेजरांनी एका रकान्यावर पेन टेकवलं. "हे काय?"

"आयडल. म्हणजे कळ दाबून किती वेळ झाला ते."

"म्हणजे कोण रिकामं बसलंय ते."

"नाही साहेब, तसं नाही ते," गांगुर्डे साहेब म्हणाले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मॅनेजर केबिनमध्ये बसून तोच रकाना वाचू लागले. त्यात सगळ्यात मोठा आकडा माझ्या नावापुढे.

मग आमच्या विभागानं जे केलं, ते आठवून आजही हसू येतं. सगळे येता-जाता स्पेसबार दाबू लागले. पगारपत्रकवाला उजव्या हातानं बेरीज करी आणि डावा हात कळफलकावर ठेवी. चहाला जाणारा शेजाऱ्याला सांगे, "माझीपण दाब रे अधूनमधून." सगळ्यांचा आयडल शून्यावर आला आणि त्याबरोबर कामही. दिवाळीच्या बोनसचा हिशेब पुन्हा पुन्हा चुकत होता. मॅनेजर मात्र खूश होते. शिस्त आली म्हणाले.

मीही घाबरून कळ दाबायला लागले. साहेब मागे येऊन उभे राहिले, कळफलक बाजूला सारला आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. "तू लिही. कामाला लय शहाणी हायेस, मग डरती कशाला?"

"साहेब, माझी नोकरी जाईल."

साहेब वळले आणि सरळ मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले.

आत काय झालं ते मॅनेजरांच्या स्टेनोनं मला नंतर सांगितलं. मला कायम करू नये असा शेरा लिहून कागद तयारच होता, फक्त साहेबांची सही हवी होती. साहेबांनी कागद परत सरकवला. "मुलगी रिकामी नव्हती. मी शिकवलं तसं काम करत होती. रिकामं म्हणायचं तर मला म्हणा."

मॅनेजरांना साहेबांच्या खुर्चीत आपला माणूस आणायचाच होता. साहेबांना अंबडला पाठवण्याची गोष्ट त्यांनी आधीही काढली होती आणि साहेबांनी ती उडवून लावली होती. ती त्यांनी आता पुन्हा काढली.

"जातो," साहेब म्हणाले. "पण आधी हिला कायम केल्याचं पत्र टाइप होऊ द्या. ते बघूनच उठतो."

आणि ते खरंच बसून राहिले. पत्र संध्याकाळी माझ्या हातात पडलं. घरी जाऊन मी आईच्या गळ्यात पडले, तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या सोमवारी साहेबांची खुर्ची रिकामी दिसली तेव्हा स्टेनोनं सगळं सांगितलं.

साहेबांना देवाघरी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढे मला चांगले वरिष्ठ मिळाले, हुशार मिळाले. पण माझ्यासाठी असं बसून राहणारा दुसरा कुणी भेटला नाही.

खुर्ची रिकामी दिसली त्याच आठवड्यात, शनिवारी मी पेढे घेऊन अंबडला गेले. स्टोअरशेजारची छोटीशी खोली, हाताखाली कुणी नाही, यायला दोन एसट्या. मला रडू आवरेना. म्हटलं, "साहेब, माझ्यापायी तुमची खुर्ची गेली."

त्यांनी पेढा अर्धा मोडला आणि मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"खुर्च्या मला दोन-चार मिळाल्यात गं," ते म्हणाले. "तुझी पहिलीच व्हती."