प्लासी जिंकली तो दिवस

मुलचेऱ्याजवळच्या बंगाली वस्तीच्या गावात मी शिक्षिका म्हणून रुजू झाले. आधीच्या गावी आडनाव ऐकलं की रिकाम्या खोल्या कालच भाड्याने गेलेल्या असायच्या. आम्ही बौद्ध. इथे एका म्हाताऱ्या जोडप्याने काही न विचारता खोली उघडून दिली आणि आजी एवढंच म्हणाल्या, "भात खाल्ला का?"

सगळं गाव त्यांना दादू आणि दिदिमा, म्हणजे आजोबा-आजी, म्हणायचं, मीही म्हणू लागले. दादू फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आईच्या कडेवर आलेले. छावण्या बदलत बदलत या जंगलात पोचले होते.

आठवीला प्लासीची लढाई शिकवत होते. तिकडे युरोपात राजघराणी भांडत होती आणि इंग्रज-फ्रेंचांच्या तोफा इकडे बंगालात डागल्या जात होत्या. पाऊस आला, इंग्रजांनी दारू झाकली, नवाबाची भिजली. एक मुलगी उठली. "बाई, नवाबानं पण झाकली असती तं?"

मला प्रश्न इतका आवडला की स्नेहसंमेलनाचं नाटक त्यावरच बसवलं. आमच्या नाटकात फितूर सेनापती आदल्या दिवशीच पकडला जाई, आणि नवाबाच्या बाजूचे फ्रेंच गोलंदाज ओरडत, "ताडपत्री आणा!" वडशाच्या एका नाटक कंपनीने साहेबी टोप्या उसन्या दिल्या. ताडपत्री दादूंची, धानावर टाकायची, निळी.

प्रयोग भर दुपारी शाळेच्या पटांगणात झाला. इंग्रज टोप्या सांभाळत पळाले, गलबतावर चढले. सूत्रधार मुलीने सांगितलं, "इंग्रज गेले ते गेलेच. बंगाल एकच राहिला. कोणालेच घर सोडा लागलं नाई."

टाळ्या पडल्या. दादू मात्र उभे राहिले. डोळे भरलेले, आणि चेहरा हसरा. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, मंग आता आमाले वापस जा लागते का?"

बायकांच्या बाजूने दिदिमांचा आवाज आला, "तुमी जावा. मी तं बोडीत आताच मासे सोडले, मी नाई येत."

अख्खं पटांगण हसलं. दादूही खाली बसून हसत राहिले, धोतराच्या सोग्याने डोळे पुसत.

त्या संध्याकाळी ओसरीवर त्यांनी पहिल्यांदा आपल्या नदीबद्दल सांगितलं. आईकडून ऐकलेलं, स्वतःला न आठवणारं. दिदिमा मध्येच दुरुस्त्या करत होत्या.

पुढच्या वर्षी माझी बदली घराजवळ होत होती. मी ती नको म्हणून अर्ज केला. घरचे चिडले. पण मला राहायचं होतं, आणि पुढे बरीच वर्षं मी तिथेच राहिले. माझं लग्न ठरलं तेव्हा दादू आमच्या घरी आले, माझ्या वडिलांच्या शेजारी बसले आणि मुलाकडच्यांना म्हणाले, "पोरीकडून मी पण आहो."